वरच्या बांधापासून

सुशीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या कोर्टात, बार रूममध्ये, पोह्यांवर तर्री ओतून घेत होतो. "भाऊजी, हे गेले," वहिनी म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे?"... विचारायला नको होतं, पण त्या माणसाची ख्यातीच तशी. अमरावतीच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून माझा हा शाळासोबती दिगंबर घरी सापडेल तर शपथ. आज अकोट, उद्या तेल्हारा, एसटीच्या खिडकीशी बसलेला आणि मांडीवर संत्र्यांची पिशवी. वहिनी म्हणाल्या, "सकाळी अंगणात झाडाले पानी देऊन राहिले होते. खाली बसले, ते बसलेच." पोहे तसेच राहिले. मी काळा कोट अंगावर ठेवूनच बसस्टँड गाठला.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात छोटी बातमी आली, 'मराठी संगणकभाषेचे जनक'. दिगंबरने ती वाचली असती तर कपाळाला हात लावला असता. कोणी त्याला त्या भाषेचा बाप म्हटलं की तो म्हणायचा, "बाप म्हनलं का पोरगं आपलं झालं. मंग त्याचं लग्न कोनाशी लावाचं तेही आपनच ठरवतो." आयुष्यभर आमची भांडणं झाली ती याच एका गोष्टीवरून. त्याच्या मते त्याने जे केलं ते त्याचं नव्हतं, आणि मी वकील. ज्याचं त्याच्या नावे असावं, त्यावर सही-शिक्का असावा, असं मानण्यावर माझी रोजीरोटी चालते.

आमची ओळख फुलांमुळे झाली. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर, वडील भिक्षुकी करायचे. मोर्णा नदीच्या काठाने पुढे गेलं की दिगंबरच्या घरचा मळा होता, झेंडू, शेवंती आणि थोडी भाजी. पूजेची फुलं त्यांच्याकडून यायची, आणि शाळा एकच असल्याने सुट्टीच्या दिवशी मी मळ्यात पडीक असायचो. त्याच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. तात्या पाणी ओलायला, म्हणजे वाफ्यांना पाणी द्यायला, उभे राहिले की बघत राहावं. विहिरीचं पाणी मोठ्या दांडातून, म्हणजे पाटातून, यायचं, पहिल्या वाफ्यात शिरायचं, तो भरला की तात्या फावड्याच्या एका फटक्यात त्याचं तोंड बंद करून दुसऱ्याचं उघडायचे. कधीकधी शेवटच्या वाफ्याला पाणी पोचायचंच नाही. आम्ही पोरं धावत त्या कोरड्या वाफ्यापाशी जाऊन वाकून बघायचो. तात्या तिकडून ओरडायचे, "तेथं काय पाहून राहिले बे? पानी फुटलं कोठंतरी! वरच्या बांधापासून पाह्यत या!" आणि खरंच, भोक सापडायचं ते वर, कुठल्यातरी हिरव्यागार वाफ्याच्या बांधात. कोरड्या वाफ्याची काही चूक नसायची.

पुढे मी कायद्याला गेलो आणि दिगंबर अमरावतीला कॉम्प्युटर शिकवायला लागला. वाचकांतल्या माझ्यासारख्या अडाण्यांसाठी सांगतो, कॉम्प्युटरला काम सांगायचं तर एका ठरावीक भाषेत सांगावं लागतं, आणि या भाषा बनतात परदेशात. त्यांचे शब्द इंग्रजी, आणि चूक झाली की मशीन जे ओरडतं तेही इंग्रजी. दिगंबरच्या वर्गात खेड्यापाड्यांतून आलेली पोरं. गणितात पक्की, पण पडद्यावर लाल अक्षरं आली की हात मांडीवर ठेवून बसणारी. "डोकं चालते त्यायचं, पन चुकलं कोठं तेच समजत नाही," असं तो सारखं म्हणायचा. मग कॉलेज सांभाळून त्याने कित्येक वर्षं खपून एक लहानशी भाषा तयार केली. शब्द मराठी. कामाच्या प्रत्येक तुकड्याला वाफा म्हणायचं, आणि तुकडा संपला की 'बांध' असं लिहायचं. भाषेचं नावही वाफाच. आणि पोरगं कुठे चुकलं की पडद्यावर उमटायचं, 'पाणी फुटलं कुठंतरी. वरच्या बांधापासून पाहा.' मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी पोट धरून हसलो. तात्या तेव्हा हयात होते. त्यांनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, "मशिनीले कोनं सांगितलं बे हे?"

वाफा शाळाशाळांतून पसरली. अकोट, तेल्हारा, अंजनगाव, शिक्षकच एकमेकांना देत गेले. पसरली तशी दहा तोंडांनी बोलायलाही लागली. एक शिक्षक नवा शब्द घालणार, दुसऱ्याच्या शाळेत तो चालणार नाही. तेव्हा दिगंबरने बैठक सुरू केली. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी, अमरावतीला त्याच्या घरी, पुढच्या खोलीत सतरंजीवर. भाषेत काय बदलायचं, काय नाही, ते तिथे हात वर करून ठरायचं. पण मतदानाच्या आधी एक पायरी होती, आणि ती मी जगात दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. ज्याला बदल हवा त्याने तो सुशीलावहिनींना समजावून सांगायचा. वहिनींनी कॉम्प्युटरला आयुष्यात हात लावलेला नाही. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत यायच्या, समोर मांडी घालून बसायच्या, दोन प्रश्न विचारायच्या, आणि "समजलं मले" म्हणाल्या तरच पुढे मतदान. "नाही समजलं" म्हणाल्या की तो विषय पुढच्या संक्रांतीला. भलेभले एम.टेक. झालेले त्या सतरंजीवर घामाघूम झालेले मी पाहिलेत.

आणखी दोन गोष्टी पक्क्या होत्या. जुना प्रोग्राम मोडायचा नाही. प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर लिहायचं की हा अमुक बैठकीचा, आणि मशीनने त्याला त्याच बैठकीच्या नियमांनी चालवायचं, मग पुढे कितीही बदल होवोत. आणि दुसरी गोष्ट, जी ऐकून मी तेव्हाच डोक्याला हात लावला होता... दिगंबरला मत नाही. ज्याने भाषा बनवली तो दाराजवळच्या स्टुलावर बसणार, संत्री सोलणार, फोडीवरची पांढरी शीर न् शीर काढून ताटलीत ठेवणार, आणि कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. हा नियम त्याचा त्यानेच करून घेतला होता.

मग पुण्याची एक कंपनी आली. नाव घेत नाही, आणि माणसं वाईट होती असंही म्हणणार नाही. जो तरुण आला होता तो चप्पल दाराबाहेर काढून, वहिनींना नमस्कार करून बसला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "सर, भाषा सुंदर आहे. पण ती प्रमाणित व्हायला हवी. कोणीतरी जबाबदारी घेतल्याशिवाय उद्योगजगत तिला विचारणार नाही." कंपनी शाळांना नवे कॉम्प्युटर देणार होती, शिक्षकांना प्रशिक्षण, पोरांना प्रमाणपत्र. बदल्यात वाफा हे नाव कंपनीचं, आणि पुढचे नियम कंपनी ठरवणार. निर्णय अर्थात बैठकीत व्हायचा होता. त्याआधी कागद बघायला दिगंबरने मला अमरावतीला बोलावलं. दुपारभर आम्ही ओसरीवर बसलो होतो. "माह्यं मन नाही होत वकील," तो म्हणाला. "पानी त्यायच्या हाती गेलं का कोन्ता वाफा भरायचा ते तेच ठरवतीन."

मन होत नाही ना, मग झालं. मी खिशातून पेन काढलं आणि बैठकीच्या नियमांत एक कलम घातलं, की संस्थापकाच्या लेखी संमतीशिवाय असा कोणताही करार किंवा भाषेत मोठा बदल होणार नाही. ओळ लहान होती पण कोर्टात हत्तीसारखी उभी राहिली असती. दिगंबरने ती वाचली, माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि तिच्यावर काट मारली.

"काहून बे?" मी विचारलं.

"मी मेल्यावर कोन सही करन?"

"तुझी पोरगी करेल."

"म्हंजे वतनदारी?"

मी चिडलो. त्याला भोळा म्हणालो, आणखी बरंच म्हणालो, ते इथे छापता येणार नाही. तो ऐकत राहिला, आणि मग शांतपणे म्हणाला, "माह्या सहीवर चालनारी भाषा माह्यासंगंच जळन, वकील." एवढं बोलून आत गेला आणि एक भलतीच गोष्ट घेऊन बसला. करारात तेवढं लिही म्हणे, की आजपर्यंतचे सगळे नियम, मराठीत लिहिलेले, जसेच्या तसे, कोणालाही कायम मोकळे राहतील. कोणीही वाचावे, वापरावे, त्यावरून स्वतःची भाषा उभी करावी. मला ते भावनेचं प्रकरण वाटलं. लिहिलं, कारण कंपनीलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या वर्षीची बैठक मी विसरणार नाही. वहिनींना प्रस्ताव समजावायला तेल्हाऱ्याच्या अर्चना मॅडम उभ्या राहिल्या. पहिल्यापासून वाफा शिकवणाऱ्या, दिगंबरला गुरू मानणाऱ्या. म्हणाल्या, "काकू, माह्या शाळेतल्या अर्ध्या मशिनी सुरूच होत नाहीत. आन् पोरगी कितीही हुशार असली, पुन्यात जाऊन मले वाफा येते म्हनलं तं कोनी इचारत नाही. तिले कागद पाह्यजे. सरायनं आमाले भाषा देल्ली, पन कागद कोन देईन?" वहिनींनी विचारलं, "मंग या भाषेत बदल कराचा असला तं माह्यापाशी कोन येईन?" "कोनी नाही येनार काकू," अर्चना मॅडमनी खरं ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "समजलं मले." हात वर गेले. जवळपास सगळेच. दिगंबर दाराशी संत्री सोलत होता.

परत जाताना मी त्याला फाटकाशी गाठलं. "तू बोलला काहून नाही? एक शब्द बोलला असता तर निम्मे हात खाली आले असते."

"कोनी इचारलंच नाही," तो म्हणाला. आणि माझ्या खिशात दोन संत्री कोंबली.

पहिलं वर्ष झकास गेलं. नवे कॉम्प्युटर आले, तेल्हाऱ्यात प्रमाणपत्रं हातात घेऊन पोरींचे फोटो निघाले, आणि मला वाटायला लागलं की आपणच उगाच नाचलो. मग नवी आवृत्ती आली. आता सगळं नेटवरून, पासवर्ड टाकून. नेट गेलं की वर्ग बंद. जुने प्रोग्राम चालेनासे झाले, कारण जुनं सांभाळत बसणं कंपनीला परवडत नव्हतं. शिक्षकांनी वर्षानुवर्षं जमवलेली उदाहरणं, पोरांनी केलेले पीकपाण्याचे, वर्गणीचे, क्रिकेटच्या धावांचे हिशेब, सगळं एका सुट्टीत मुकं झालं. चुकलं की आता पडद्यावर इंग्रजीत एक नंबर यायचा. तात्यांचं वाक्य गेलं. काही शिक्षकांनी जुनीच वाफा परत लावली तर कंपनीचं पत्र आलं, की हे नाव आमचं आहे, वापरू नका. पत्र कायद्याने बिनचूक होतं. मीच तपासलं.

अर्चना मॅडम चार-सहा जणांना घेऊन अमरावतीला आल्या तेव्हा मी योगायोगाने तिथेच होतो. त्या अंगणातच उभ्या राहिल्या, आत येईनात. "सर, चुकलं आमचं," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. दिगंबरने खुर्च्या बाहेर काढल्या. "चुकलं काय त्यात? तुमाले जे दिसलं त्याच्यावर मत देल्लं," तो म्हणाला. "आता मांडा पुन्हा. नियम मोकळेच हायेत. नाव तेवढं दुसरं ठेवा." मग माझ्याकडे बघून, "हाये ना बे वकील?"

होतंच. मी भावनेचं म्हणून लिहिलेलं कलम दगडासारखं पक्कं होतं. गड्याने मळा द्यायच्या आधी बियाणं गावभर वाटून ठेवलं होतं. दिगंबरला करार नको होता, पण बैठक तो करणार हेही त्याला दिसत होतं, आणि बैठकीच्या आड न येता त्याला जेवढं करता आलं तेवढं त्याने करून ठेवलं. त्या नियमांवरून शिक्षकांनी भाषा पुन्हा उभी केली. नाव ठेवलं 'दांड', ते अर्चना मॅडमना सुचलं. जुने प्रोग्राम पुन्हा चालू लागले, तात्या पुन्हा ओरडू लागले, आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी सतरंजी पुन्हा अंथरली गेली. प्रमाणपत्र मात्र गेलं ते गेलंच. त्याची सल अर्चना मॅडमना आजही आहे, आणि ती खरी आहे. मीही माझं टुमणं सोडलं नाही. माझी ओळ ठेवली असती तर हा वनवास टळला असता, असं मी दिगंबरला दर भेटीत ऐकवायचो. तो सोललेली फोड माझ्या हातात द्यायचा आणि विषय संपायचा. अमरावतीच्या स्मशानात मी त्याच्या चितेसमोर उभा होतो तेव्हाही मनातल्या मनात त्याच्याशी भांडतच होतो.

यंदाची बैठक होईल की नाही, मला शंका होती. वहिनींनीच सगळ्यांना फोन केले. मी गेलो. खोली भरलेली, पण दाराजवळच्या स्टुलावर कोणी बसेना. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बसा तेथं. तुमाले तसंही मत नाही." सगळे जरासे हसले. संत्र्यांची ताटली माझ्या हातात आली.

अकोटचा एक तरुण शिक्षक, योगेश, प्रस्ताव घेऊन आला होता. बराच वेळ तो सतरंजीचा दोरा ओढत बसला. मग म्हणाला, "काकू, चूक झाली का जे वाक्य येते ना... ते बदलावं म्हन्तो. माह्या वर्गातल्या पोरायनं वाफा पाह्यलाच नाही. घरोघरी ठिबक हाये आता. पानी फुटलं म्हंजे काय, बांध म्हंजे काय, तेच इचारत बसते. मी वाक्य समजवू का चूक?" त्याच्या मते साधं लिहावं, की चूक वर कुठेतरी आहे, पहिल्या ओळीपासून पाहा.

माझं डोकं तापलं. तात्यांचं वाक्य! त्यातूनच तर सगळी भाषा उगवली. यासाठीच मी ते कलम घातलं होतं, यासाठीच. माझ्या अंगठ्याचं नख फोडीत घुसलं आणि रस पॅन्टवर सांडला. पण मला कोणी विचारलं नाही. सगळे वहिनींकडे बघत होते. 'नाही समजलं' एवढे दोन शब्द त्या बोलल्या असत्या तर ते वाक्य निदान वर्षभर जगलं असतं, आणि कोणी काही म्हटलंही नसतं.

वहिनींनी विचारलं, "मंग पोरगं पाहीन कोठून?"

"वरूनच पाहीन काकू. जुन्या वाक्यासारखंच."

वहिनींनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "समजलं मले," त्या म्हणाल्या.

हात वर गेले. अर्चना मॅडमचा सगळ्यांत शेवटी गेला, मान खाली घालून. पण गेला.

मंडळी तिळगूळ घेऊन पांगल्यावर वहिनी म्हणाल्या, आतल्या खोलीतलं यांचं मशीन एकदा बघून घ्या, मला त्यातलं काही कळत नाही. मी दिगंबरच्या खुर्चीवर बसलो. कोर्टाच्या तारखा लावून देणारा एक प्रोग्राम त्याने फार पूर्वी माझ्यासाठी केला होता. मी तो कधीच वापरला नाही, माझ्या कारकुनाची जीभ त्याहून जलद चालते. पण तो तिथे होता, डोक्यावर लिहिलेलं, 'पहिल्या बैठकीचा.' मी उघडला, चालवला. पडद्यावर कुठल्याशा निकाली निघालेल्या दाव्याची तारीख आली. मग माझं मलाच कळलं नाही, मी मधला एक 'बांध' खोडला आणि पुन्हा चालवला.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी एकेक शब्द जुळवत मोठ्याने वाचलं. "पाणी... फुटलं... कुठंतरी. वरच्या बांधापासून पाहा." मग तात्यांच्या आठवणीने म्हणाल्या, "मामाजींचं बोलनं... हे तं आता काढून टाकलं ना भाऊजी?"

"नव्यातून काढलं, वहिनी. जुन्यातलं जुन्यासारखंच राहते. तसा नियम हाये."

त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि दिगंबरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी मशीन बंद करायला हात पुढे केला.

"तसंच फुटलेलं ठेवता?" वहिनी म्हणाल्या. "पाहा ना वरून."

बांध कुठला गेला ते मला ठाऊक होतं, मीच खोडला होता. तरी मी पहिल्या ओळीवर गेलो आणि तिथून एकेक ओळ पाहत खाली यायला लागलो.